मार्कांची बदली

वऱ्हाडात बदली हा विषय कोणाला शिकवावा लागत नाही. तलाठ्याची बदली होते, गुरुजींची होते, ठाणेदाराची तर कधी कधी तो हजर व्हायच्या आतच होते. बदली करून घ्यायला कोणाच्या बंगल्यावर जायचं, थांबवायला कोणाच्या, आणि जाताना पेढे न्यायचे की नुसता नमस्कार पुरतो, हे आमच्या अमरावतीत पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण माणूस आपल्या जागी बसलेला आणि त्याचे मार्क तेवढे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदलीवर निघालेले, असली बदली आमच्या घराण्यात कोणी पाहिली नव्हती. ती आणली माझ्या भाचीने.

भाची अकोल्याची. जठारपेठेत घर, बी.कॉम., एम.कॉम. तिथेच, आणि नोकरी पुण्यात, अमेरिकेतल्या लोकांची टॅक्स रिटर्नं भरण्याची. दिवसा झोपते आणि रात्रभर परक्या देशाचा आयकर भरते. एप्रिलच्या पंधरा तारखेआधी तिला फोन केला तर मामाजीची खुशाली विचारण्याऐवजी ती मामाजीची वजावट विचारते. तिच्या अमेरिकेतल्या साहेबाच्या नावापुढे सी.पी.ए. अशी तीन अक्षरं आहेत. ती आपल्याही नावापुढे लागावीत असं तिच्या मनाने घेतलं. भाऊजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्याच संध्याकाळी सगळ्या सोयऱ्यांना फोन केले. "पोट्टी अमेरिकेची सी.ए. होऊन राह्यली!"

आणि इथेच पहिली ठेच लागली. अमेरिकेची म्हणून सी.पी.ए. नसतेच. तिथे लायसन्स देतं ते राज्य. पन्नास राज्यं, वर राजधानीचा जिल्हा, पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटं आणि उत्तर मारियाना बेटं धरून एकूण ५५ ठिकाणी ५५ मंडळं बसलेली आहेत. प्रत्येकाचा कायदा वेगळा, फी वेगळी, फॉर्म वेगळा. उमेदवाराने आधी सांगायचं की मी कोणत्या राज्याचा. भाचीने क्लासवाल्यांना विचारून सांगितलं, मोंटाना.

"तिथं आपलं कोण हाय?" माझ्या आईने विचारलं.

कोणी नव्हतं. आमचे लोक न्यू जर्सीला आहेत, टेक्सासला आहेत, एक दूरचा मावसभाऊ शिकागोजवळ आहे आणि तो शिकागोतच आहे असं सांगतो. मोंटानात वऱ्हाडातलं काळं कुत्रंही नाही.

"मंग पोट्टी उतरन कोठी?"

उतरायचंच नव्हतं. पेपर मुंबई किंवा हैदराबादच्या केंद्रात बसून देता येतात. अकोला जंक्शनावरून एक गाडी मुंबईला जाते, एक हैदराबादेकडे, त्यामुळे मोंटाना तसं दोन्ही बाजूंनी सोयीचं. आईला मात्र ते पटलं नाही. ज्या गावाची परीक्षा द्यायची त्या गावाचं पाणीही प्यायचं नाही, हा तिच्या मते त्या गावाचा अपमान होता. भाऊजींनी नकाशा काढला, मोंटाना कॅनडाला चिकटलेलं निघालं, आणि मे महिन्यात, अकोला पंचेचाळीस अंशांवर तापलेलं असताना, त्या घरात बर्फावर चर्चा झाली.

बरं, परीक्षा तरी राज्याराज्यांत वेगळी असावी! तसंही नाही. १८९६ मध्ये न्यू यॉर्कने सी.पी.ए.चा पहिला कायदा केला, मग बाकीच्यांनी आपापले केले. प्रत्येकाची परीक्षा निराळी. १९१७ मध्ये एकसारखी परीक्षा निघाली आणि १९५२ पर्यंत सगळ्यांनी ती स्वीकारली. म्हणजे पेपर तोच, तपासणारे तेच, पास व्हायचा आकडा तोच. तरी मिळालेले मार्क मात्र ज्या राज्याच्या नावाने अर्ज केला त्या राज्याच्या मालकीचे. सोयाबीन एकाच वावरातलं, आणि बाजार समित्या पंचावन्न.

पास व्हायचा आकडा ७५. हे ऐकून आमच्याकडे सन्नाटा पसरला. आमच्याकडे ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ ला पेपरात फोटो. तिकडे डिस्टिंक्शन आलं तर पास, नाही तर नापास. हे ७५ म्हणजे शेकडा ७५ नव्हेत, त्यांचा हिशेब वेगळ्या पट्टीवर होतो, असं भाचीने परोपरीने सांगितलं. पण भाऊजींनी ते ऐकू आलं नसल्यासारखं केलं आणि पुढे ज्याला ज्याला सांगायचं त्याला त्याला "पंचाहत्तरच्या वरच लागते तिथं" एवढंच सांगितलं. पेपर चार. हिशेब, लेखापरीक्षण आणि कर-कायदे हे तीन सक्तीचे, आणि २०२४ पासून चौथा आपल्या पसंतीचा.

त्यातही खरी गंमत मुदतीची. एक पेपर पास झालात की बाकीचे ठरावीक महिन्यांत काढायचे. नाही निघाले तर पहिल्या पेपराचे मार्क मरतात.

हे मात्र अकोल्यातल्या कोणत्याही घराला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या सी.ए. परीक्षेत एखाद्या पेपरात ६० मिळाले की साधारण पुढच्या तीन परीक्षांपर्यंत त्यातून सूट मिळते. तेवढ्यात ग्रुप निघाला नाही की सूट गेली. अकोल्यातही सी.ए. संस्थेची शाखा आहे, अमरावतीतही आहे, आणि दोन्ही गावांत अशा सुटीवर जगणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. एकाची आई दुसऱ्याच्या आईला कट्ट्यावर सांगते, "आमच्याले कॉस्टिंगात सूट हाय." दुसरी म्हणते, "आमच्याची मे महिन्यात संपली." स्वर असा की जणू पोराची नव्हे, घराण्याचीच मुदत संपली. लग्नाच्या बायोडाट्यात तर हे एक स्वतंत्र दालन आहे. "सी.ए. इंटर, दोन्ही ग्रुप" हा दागिना. "सी.ए. फायनल, एक ग्रुप" हा दागिना घडवायला टाकलाय. आणि "सी.ए. फायनल ॲपिअर्ड" हा दागिना सोनाराकडे आहे, सोनार कुठे आहे ते विचारू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं लग्न 'ॲपिअर्ड'वर ठरलं, मुंज झालेला मोठा मुलगा आता त्याला अकाउंट्सच्या शंका विचारतो, आणि पत्रिकेवरचं 'ॲपिअर्ड' अजून खरं आहे. खोटं कोणी बोललेलं नाही.

शिक्षण किती हवं, हा पुढचा घाट. लायसन्साला १५० तास लागतात असं भाचीने सांगितलं तेव्हा भाऊजी खुर्चीतून उठले.

"एकशे पन्नास घंटे? आपल्या रोडले एकशे पाच लागले."

हा रोड म्हणजे अमरावती-अकोला महामार्ग. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून आम्ही गिनीज बुकात गेलो. त्याआधी त्या रस्त्याने आमच्या मणक्यांत जे केलं त्याची नोंद कोणत्याही बुकात नाही, पण ते असो. भाऊजींनी बोटांवर हिशेब केला. "दीडशे म्हंजे सहा दिवस अन् सहा घंटे. दिवाईच्या सुटीत होऊन जाते."

ते तास म्हणजे कॉलेजातले क्रेडिट. आपल्या एका वर्षाचे तिकडे साधारण तीस मोजतात. तीन वर्षांची बी.कॉम. बहुधा नव्वदवर थांबते, वर एम.कॉम. धरली की गाडी दीडशेच्या आसपास जाते. हे मोजायला तिकडे वेगळ्या संस्था आहेत. गुणपत्रिका विद्यापीठाकडून सीलबंद मागवायच्या, त्यांच्याकडे पाठवायच्या, डॉलरमध्ये फी भरायची आणि वाट बघायची. एका संस्थेने मोजले तर एक आकडा येतो, दुसरीने मोजले तर दुसरा. यात मला काही नवल वाटलं नाही. मी उभा जन्म लेखापरीक्षण केलं आहे; एकाच गोदामातला शिल्लक माल दोन जणांनी मोजला आणि आकडा एक आला तर मी आधी त्या दोघांचीच चौकशी करतो.

नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बी.कॉम.ला भाचीला सक्तीची मराठी होती. तिचेही क्रेडिट त्यांनी मोजले. पर्यावरणाचा प्रकल्प तिने परीक्षेच्या आदल्या रात्री मोर्णा नदीवर लिहिला होता, नदीकडे न जाता. तोही धरला. मराठीचा पेपर लिहून अमेरिकेचा ऑडिटर होता येतं हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका आठवडाभर खांदे वर करून फिरत होत्या.

मोजणीत अडकलं ते नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. विद्यापीठाच्या कागदावर त्याखाली आईचं. पासपोर्टावर स्वतःचं आणि वडिलांचं एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आधार कार्डावर वडिलांच्या नावात एक 'ए' कमी. इतक्या कागदांवर मिळून अमेरिकेला चार पोरी दिसल्या, आणि त्यातल्या नक्की कोणत्या पोरीने बी.कॉम. केलं हे त्यांना कळेना. भाऊजी म्हणाले, "चारीले द्या ना मंग सी.पी.ए.!"

तरीही पोरगी चिवट. नोकरी सांभाळून तिने तीन पेपर काढले. दोन हैदराबादेत, एक मुंबईत, तिन्ही मोंटानाच्या नावावर. चौथा राहिला होता आणि मधातच तिचं लग्न ठरलं. जावई परतवाड्याचे, राहायला न्यू जर्सीत एडिसनला. मुलगा बघण्याचा कार्यक्रम पोळ्याला झाला आणि दिवाळीच्या आत साखरपुडा. जावयांच्या घरच्यांनी एकच मागणी केली, पोरीने तिकडे सी.पी.ए. म्हणून काम करावं. हुंडा न मागणारे, परीक्षा मागणारे सोयरे आम्ही पहिल्यांदा पाहिले.

आता लायसन्स न्यू जर्सीचं हवं. मार्क मोंटानाचे. तेव्हा मार्कांची बदली आली.

याची पद्धत अशी. एक फॉर्म असतो, आंतरराज्य माहितीच्या देवाणघेवाणीचा. त्यात उमेदवाराने वरचा भाग भरायचा, सही करायची आणि मोंटानाला पाठवायचा. मोंटानाने खालच्या भागात लिहायचं की बाईने अमुक पेपर अमुक तारखेला पास केला, तिच्याविरुद्ध आमच्याकडे तक्रार नाही. आणि तो कागद मोंटानाने परस्पर न्यू जर्सीला धाडायचा. उमेदवाराच्या हाताला तो लागू द्यायचा नाही. आपलेच मार्क, आपण मेहनत करून काढलेले, पण ते आपल्या हातात दिले तर रस्त्यात आपण त्यांत काही भर घालू, अशी शंका. हा अविश्वास अमेरिकन असेल असं मला वाटत नाही. तो कुठल्याही कचेरीत दुसऱ्या टेबलाबद्दल असतो.

पुढे मोठा खोडा. मोंटानाने मार्क पाठवले म्हणजे न्यू जर्सीने ते जिवंत धरलेच असं नाही. घेणारं राज्य आपल्या नियमाने मुदत मोजतं. पूर्वी बहुतेक ठिकाणी ती १८ महिने होती. २०२३ मध्ये मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने ३० महिन्यांचा नमुना नियम काढला, पण नमुना म्हणजे नमुनाच. मग एकेका राज्याने आपापल्या सवडीने तो घेतला, कोणी लगेच, कोणी नंतर. त्या मधल्या काळात एकच पेपर एका राज्यात धडधाकट आणि शेजारच्या राज्यात मयत, अशी अवस्था. मी निवृत्तिवेतनधारक असल्याने ही गोष्ट मला तंतोतंत कळली. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी समोर उभा असतो, बोलत असतो, पेन मागत असतो, तरी दाखल्याशिवाय मी हयात नाही. भाचीच्या ऑडिटच्या पेपरालाही मोंटानातून तसाच दाखला लागत होता.

यातला विरोधाभास असा की एकदा लायसन्स हातात आलं की बहुतेक राज्यांमध्ये सी.पी.ए.ला दुसऱ्या राज्यातलं काम तिथलं लायसन्स न काढता करता येतं. म्हणजे पूर्ण माणूस मोकळा फिरतो. अर्धवट माणसाला प्रत्येक वेशीवर थांबवतात. आणि दीडशे क्रेडिटांचा दंडकही आता ढिला व्हायला लागला आहे. २०२५ च्या सुरुवातीला ओहायोने कायदा केला की साधी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असला तरी चालेल. मागून इतर राज्यंही त्या वाटेला लागली. भाचीने हे वाचलं त्या रात्री तिने एम.कॉम.ची फी किती भरली होती याचा हिशेब मांडला. भाऊजींनी तो मिटवून टाकला.

माझं स्वतःचं याबाबतचं मत विचारायला कोणी आलं नाही, पण ते मला आहे. मी जी.डी.सी. अँड ए. आहे. राज्य शासनाची सहकार आणि लेखा पदविका. नामतालिकेवरचा लेखापरीक्षक. माझ्या सहीने पतसंस्थेला 'अ' वर्ग मिळतो आणि माझ्याच सहीने 'क' ही मिळतो, त्यामुळे संचालकांच्या घरी चहाची कमतरता कधी पडली नाही. दोषदुरुस्ती अहवाल वेळेत आला नाही म्हणून मी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. पण ही सगळी सत्ता महाराष्ट्राच्या सहकार कायद्यापुरती. घाट ओलांडून धारणीच्या पुढे बऱ्हाणपूरच्या बाजूला उतरलो की मी एक म्हातारा प्रवासी. तिथल्या सोसायटीच्या किर्दीला बोटही लावायचा मला अधिकार नाही. माणसं मराठी बोलतात, जेवणात आमच्यासारखीच भाकर, पण माझी सही तिथे नुसती शाई. मला मोंटाना काय असतं ते कोणी सांगायला नको.

सी.ए.ला हा त्रास नाही. १९४९ च्या कायद्याने देशभर एक संस्था, एक परीक्षा, एक सभासदत्व. अकोल्याच्या टिळक रोडवर बसलेला सी.ए. आसामातल्या चहाच्या मळ्याच्या ताळेबंदावर सही करू शकतो. डॉक्टरांना मात्र राज्याच्या परिषदेत नोंदणी करावी लागते, वकिलांचं नाव राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीवर असतं, आणि राज्य बदललं की ते नाव रीतसर हलवावं लागतं. म्हणजे अमेरिकेला हसताना जरा जपून हसावं.

शिवाय ही देशभर एक सहीची चैन आपल्याकडेही नंतरची. १९१३ च्या कंपनी कायद्याने ऑडिटरला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ते प्रांताचं सरकार देत असे आणि ते दोन प्रकारचं होतं. एक मोकळं, ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेही चालणारं. दुसरं मर्यादित. मर्यादित प्रमाणपत्रवाल्याने फक्त आपल्या प्रांतात ऑडिट करायचं, आणि तेही प्रमाणपत्रावर लिहिलेल्या भाषेत! मला हा माणूस फार आवडतो. कल्पना करा, मराठीचं प्रमाणपत्र असलेला ऑडिटर जिनिंग फॅक्टरीत येतो, मारवाडी शेठ महाजनी लिपीतली वही पुढे सरकवतो, आणि ऑडिटर हात जोडून म्हणतो, शेठजी, ही अफरातफर माझ्या भाषेत नाही. १९२० मध्ये ही मर्यादित प्रमाणपत्रं बंद झाली. त्याआधी १९१८ मध्ये मुंबईत सरकारी लेखा पदविका निघाली होती. ती पास होऊन तीन वर्षं उमेदवारी केली की मोकळं प्रमाणपत्र मिळे. तीसच्या दशकात रजिस्टर्ड अकाउंटंट आले, आणि १ जुलै १९४९ ला आजची संस्था. ती निघाली नसती तर 'ॲपिअर्ड' पोरांनाही आज प्रांत बदलायला फॉर्म भरावा लागला असता.

आणि बदलीचंच म्हणाल तर आख्खा वऱ्हाडच आजवर बदलीवर फिरत आला आहे. माझे वडील १९३४ मध्ये मूर्तिजापुरात जन्मले, म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाडात. मॅट्रिक झाले तेव्हा १९५० नंतरच्या मध्य प्रदेशात होते. नोकरीला लागले तेव्हा १९५६ नंतरच्या मुंबई राज्यात. माझं बारसं महाराष्ट्रात झालं. घर एकच, विहीर एकच, पिंपळही तोच. विद्यापीठही तसंच. वडिलांची पदवी नागपूरची, माझीही नागपूरची, आणि अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये निघाल्याने भाचीची अमरावतीची. राज्य तीन वेळा बदललं पण वडिलांचे मार्क कोणी मयत ठरवले नाहीत.

त्याहून मागे गेलं तर लेखापरीक्षक म्हणून माझा ऊर दडपतो. वऱ्हाडाचा मुळात हातबदल झाला तो हिशेबातूनच. इंग्रजांच्या कंटिंजंट फौजेचा पगार निजामावर थकला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने त्या पैशापोटी वऱ्हाड व्यवस्थेसाठी ताब्यात घेतला. खर्च वजा जाता शिल्लक राहील ती निजामाला द्यायची आणि हिशेब दाखवायचा असं ठरलं. सात वर्षांनी, १८६० मध्ये, नवा तह झाला. इंग्रजांनी पन्नास लाखांचं कर्ज सोडलं, वऱ्हाडासोबत घेतलेले रायचूर दोआब आणि धाराशिव परत दिले. त्या बदल्यात निजामाने एक कलम मान्य केलं, या जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा हिशेब मागायचा नाही. झालेलाही नाही, चालू असलेलाही नाही आणि पुढे होणारा तोही नाही.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा काढून पुसला. भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांचं ऑडिट एका वाक्यात माफ! मी पाहिलेल्या प्रत्येक पतसंस्थेच्या अध्यक्षाने आयुष्यभर हेच एक कलम मागितलं, त्यांना ते कधी मिळालं नाही. पुढे १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचा भाड्याने घेतला. कायमचा. भाडेवाढीची अटच नाही. अमरावतीतल्या राजकमल चौकातला पानठेलेवालाही असा करार करून देणार नाही.

तर भाची लग्नाआधी अमरावतीला केळवणाला आली तेव्हा तो बदलीचा फॉर्म सोबत घेऊन आली होती. जेवण झालं, मामीने पाटवड्यांचा डबा बांधला, आणि भाऊजींनी इतके दिवस मनात दाबलेला प्रश्न काढला.

"एवढं करून लायसन्स भेटलं, त मंग अकोल्यात चालन का थे?"

नाही. भारतात ऑडिटवर सही करायची तर आपल्या सी.ए. संस्थेचंच सभासद असावं लागतं. काही देशांतल्या संस्थांशी आपल्या संस्थेचे समझोते आहेत. अमेरिकेच्या सी.पी.ए.शी नाही. ही पोरगी उद्या नेवार्कातल्या कंपनीचा ताळेबंद पास करेल, पण आपल्याच बापाच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या कागदावर तिची सही चालणार नाही.

भाऊजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जवाई आले का विचारू नका आता हे."

तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखं, आणि स्वतंत्र विदर्भाच्या सभेला छत्री घेऊन हजर राहणारे. भाचीच्या हाताला मेंदीच्या सरावाचा कोन लागलेला, म्हणून तिने विनंती केली, "काकाजी, एवढा पत्त्याचा भाग भरून देता का?"

काकाजींनी खिशातून शाईचं पेन काढलं. घर क्रमांक लिहिला, गल्ली लिहिली, अकोला लिहिलं. 'राज्य' या रकान्याशी येऊन थांबले.

"हे दोन राज्यांमधलं काम हाय ना?"

"हो."

"मंग आपलंही राज्य नीट लिहावं लागते." आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, 'विदर्भ' लिहिलं.

"काकाजी, असं राज्य नाहीये हो! पासपोर्टवर महाराष्ट्र आहे."

"पासपोर्ट कोणं बनवला? दिल्लीनं. अन् मोंटानाले काय मालूम हाय आपलं? थे त लिहिलं तसंच पुढं धाडतीन."

"न्यू जर्सी विचारन ना!"

"विचारू दे. तवा सांगजो." काकाजींनी पेनाचं टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली. "अकोला करार मालूम हाय का तुले? आठ ऑगस्ट सत्तेचाळीस. आपल्याच वऱ्हाडात झाला, तुह्या अकोल्यात. त्यात काय काय कबूल केलं होतं, ऐक."

माझा मुलगा फॉर्मची दुसरी कोरी प्रत काढायला झेरॉक्सवर पळाला. तो परत आला तेव्हा काकाजी १९५३ चा नागपूर करार संपवून राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगावर आले होते, भाऊजी मान डोलवत होते, आणि भाची मेंदीचा हात बाजूला धरून डाव्या अंगठ्याने मोबाइलवरच्या कॅलेंडरात ऑडिटच्या पेपराचे उरलेले महिने मोजत होती.